गुडघ्यावरची टिचकी

५ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

मी गानवृंदात जाऊ लागलेय. आधी तीन सोमवार पाहुणी म्हणून बसायचं, मग ठेवायचं की नाही ते ठरतं. वृंद चालवतात एक दंतवैद्य बाई. लोकांना तोंड उघडायला लावायची सवयच त्यांना. काल आल्या आल्या नियमांचा कागद हातात दिला. कुणाच्या ठरलेल्या खुर्चीवर बसू नका. शेजाऱ्याचा सूर चुकला तर बोलू नका, हात लावू नका, भुवईसुद्धा उडवू नका. दिवसभर वाकडी शिलाई उसवणारी मी, वाकडा सूर कसा ऐकून घेणार?

पण दुकान बंद केल्यावर रिकामं घर खायला उठतं गं. तिथे माणसांत आवाज मिसळला की बरं वाटतं. त्यांनी मला ठेवावं, एवढंच मागणं आहे.

आठवण काढत जा.
तुझी धाकटी

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

घात झाला. काल शेजारी टपाल वाटणाऱ्या बाई होत्या. त्यांचा सूर घसरला आणि माझी दोन बोटं आपोआप त्यांच्या गुडघ्यावर पडली. आपल्या घरात सूर चुकला की मारायचो, तीच टिचकी. त्या नंतर गायल्याच नाहीत, वही छातीशी धरून निघून गेल्या. दंतवैद्य बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत, तर मीही यायचं नाही.

एका टिचकीचं एवढं काय? लहानपणी आपण हसून सोडून द्यायचो. तू तरी माझी बाजू घे.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी बाजू आजवर घेतली, या वेळी नाही. हसायचीस तू. मी चौदा वर्षांची होते, पाहुण्यांसमोर गात होते. तू टिचकी मारलीस आणि सगळे हसले. त्यानंतर मी गायले नाही. थोरलीला गाण्याची आवड नाही असं घरात म्हणत, मीही तेच म्हणत आले. आजही भांडी घासताना ओळ ओठावर येते, घरात कुणी नसतं, तरी तोंड उघडत नाही.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. त्या बाईंच्या घरी जा. कारणं सांगू नकोस, माफी माग. सोमवारच्या आत जा.

राग निवळेल, माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच गेले. टपालवाल्या बाईंनी आत बोलावलं नाही. मी दारातच माफी मागितली. ‘बघते’ एवढंच म्हणाल्या. काल त्यांची खुर्ची रिकामी होती. पहिलं गाणं माझ्या तोंडून फुटेना. दुसऱ्याच्या मध्यावर त्या आल्या, माझ्याच शेजारी बसल्या आणि गाऊ लागल्या. सूर तसाच घसरत होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मला ठेवलंय.

पण ताई, मोठी माफी अजून राहिलीच आहे. ती पत्रातून मागायची नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. तू भांडी घासायला बस. मी दाराबाहेर उभी राहीन, आतून गाणं ऐकू आलं की मगच कडी वाजवीन.

कितीही वेळ लागला तरी थांबेन.
तुझी धाकटी