टीगसाहेब बटण दाबत नाहीत

प्रिय ऑर्लीन मावशी,

तुला माझा आणि रॉयचा मनापासून नमस्कार. नवा गुडघा कुरकुरत नाही ना? कॉर्पस क्रिस्टीची खारी हवा एव्हाना मानवली असेल. इकडे सगळे ठीक. रॉयचा रक्तदाब उतरलाय, माझा चढलाय, म्हणजे घरातला एकूण आकडा तोच. पत्र लिहायला कारण तसं काहीच नाही (हे वाक्य फार मनावर घेऊ नकोस).

मेस्किट क्रीक भूजल संवर्धन जिल्ह्याची कचेरी तू वर्षानुवर्षं सांभाळलीस आणि निवृत्त होताना ते चेकबुक माझ्या गळ्यात मारलंस. प्रत्येक चेकवर दोन संचालकांच्या सह्या हव्यात, मग तो विहिरी मोजायच्या फितीचा असो नाहीतर झाडूचा. अध्यक्ष क्लेटस ड्युसेक निदान गुरांच्या लिलावात सापडतो (त्याने सही केलेला चेक बँकेतली पोरगी चिमटीत धरते, ते सोड). पण दुसरे संचालक बुफर्ड टीग! काउंटीच्या पार टोकाला, तीन फाटकांपलीकडे. प्रत्येक फाटकाशी उतरा, उघडा, गाडी आत घ्या, पुन्हा उतरा, लावा, कारण एक गाय निसटली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. तू हे इतकी वर्षं हसतमुखाने कसं केलंस ते तुझं तुला ठाऊक. म्हणून आपल्यासारख्या भूजल जिल्ह्यांना ऑनलाइन पैसे भरता येतात असं कळल्यावर मी बैठकीला जर्दाळू भरलेले 'कोलाचे' पाव नेले आणि ते संपायच्या आत ठराव मंजूर करून घेतला. सगळ्यात उंच हात टीगसाहेबांचा होता!

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बँकेची पद्धत अशी, की मी बिल कॉम्प्युटरवर चढवायचं, मग दोन्ही संचालकांच्या फोनवर एक आकडा येतो, तो दहा मिनिटांत घालून त्यांनी बटण दाबायचं. क्लेटसने बँकेला नंबर दिला घरच्या फोनचा. आता बँकेचं यंत्र फोन करून आकडे वाचून दाखवतं आणि फोन उचलते त्याची बायको इर्मा. "मेला रोज फोन करून आकडे म्हणतो," ती मला म्हणाली, "मी म्हटलं, तुझ्या आईला कर एवढे फोन, तिला बरं वाटेल!" तो नंबर बदलायला मी दोनदा बँकेत गेले. क्लेटस मार्गी लागला. टीगसाहेब राहिले.

"नेल्डा, आकडा आलाच नाही गं," हे त्यांचं फोनवरचं ठरलेलं उत्तर. मग मी तीन फाटकं ओलांडून जाणार, ते म्हणणार, "आधी पीच कॉबलर खा, मग बघू." कॉबलर होईतो दहा मिनिटं संपलेली. मग नवा आकडा, मग चष्मा सापडत नाही, मग कुत्र्याची ओळख (मी त्या कुत्र्याला तो पिल्लू असल्यापासून ओळखते). अशाने बिलं तुंबली आणि गेल्या आठवड्यात पाणीपुरवठा सोसायटीने आपल्या कचेरीचं पाणी तोडलं. दारावर पाटी, 'पाण्याचा थेंब अन् थेंब जपा', आणि आत नळ कोरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुझ्या पेकनच्या झाडाला पाणी घालायचं तेव्हापासून बंद आहे. विहिरीची परवानगी मागायला आलेले लोक हात धुवायला समोरच्या पेट्रोलपंपावर जातात आणि तिथे आपल्यावर हसतात. क्लेटसने बैठकीत सगळ्यांसमोर सुनावलं, पुन्हा एक बिल अडकलं तर नवी मॅनेजर बघू.

गुरुवारी मी फणफणत टीगसाहेबांकडे गेले. स्वारी ओसरीवर, त्याच फोनवर गुरांचा लिलाव बघत होती! चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी टोपी काढली, कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "ऑर्लीन चेक आणायची तेव्हा बसायची, दोन कप कॉफी प्यायची. तू तर गाडीही बंद करत नाहीस. एकदा मी बटण दाबायला लागलो की इकडे कोण फिरकणार? तिला म्हणावं, तिने येऊन शिकवलं तर दाबेन."

"तिचा गुडघा नवा आहे," मी म्हटलं.

"बटणाला गुडघा कुठे लागतो?"

मावशी, मला संताप आला आणि खरं सांगते, त्या माणसाचं वाईटही वाटलं. येताना तिन्ही फाटकं मी जरा हळूच लावली.

असो. तब्येतीला जप.

तुझी वैतागलेली भाची,
नेल्डा

ता.क. एका दिवसासाठी येशील का? रॉय न्यायला येईल, फाटकांशी तोच उतरेल. माझी नोकरी तुझ्या हातात आहे.

ता.क. २. मनात नसेल तर मुळीच येऊ नकोस. मी त्यांना कसलाही शब्द दिलेला नाही, फक्त तुला पत्र लिहितेय एवढं आत्ता फोनवर सांगितलं.

ता.क. ३. पाकीट चिकटवणार तोच कॉम्प्युटर वाजला. टीगसाहेबांनी तुंबलेली सगळी बिलं एका दमात मंजूर केली, कोणी न शिकवता. म्हणजे कचेरीचं काम झालं, आता तुला यायची काहीच गरज नाही. फक्त, तू येणार नाहीस हे त्यांना सांगायचं धाडस मला नाही. ते तूच येऊन सांग.