वाचला असे समजण्यात आले

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, देशभरातल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेचा निवृत्त सहसचिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला फक्त आजचा वार विचारला, आणि तो त्यांचाच चुकला होता. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी आमिष दाखवलेले नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे ठराव लिहिण्यात गेली.

परिषदेत मला सगळे तहकूबराव म्हणतात. सभा तहकूब झाल्याची घोषणा माझ्याकडे असे. ती ऐकून शास्त्रज्ञांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तो कुठल्याही शोधाने पसरलेला मी पाहिला नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिच्यात एकच माणूस उभा राहू शकतो अशी बाल्कनी, माझ्या मुलीला. जावयांना त्यात राहण्याचा हक्क आहे, सुधारणा सुचवण्याचा नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. तो तसाच राहू द्यावा. त्यामुळे पाहुणे लवकर जातात.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीलाच. तिने मोठे बेत करू नयेत.

कलम ३. टाइपरायटर नातीला. त्याची 'क्ष'ची कळ मोडलेली आहे. त्यामुळे 'अध्यक्ष' लिहिताना शेवटी जागा सोडून तिथे पेनाने अक्षर भरावे लागे. गडबडीत दोन अध्यक्ष तसेच 'अध्य' म्हणून छापून गेले. तक्रार आली नाही.

कलम ४. परिषदेचा इतिहास. शताब्दी ग्रंथासाठी माझ्याकडून आठवणी मागवल्या, चाळीस पाने घेतली आणि 'जागेअभावी' परत केली. म्हणून त्यातल्या काही इथे ठेवतो, इथे जागा माझी आहे. परिषद सहा जणांनी एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत स्थापन केली. दुसऱ्याच दिवशी त्यांतले तिघे, गणित हे विज्ञान आहे की नाही यावरून भांडून, जिना उतरून गेले. 'विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोचवावे' हा ठराव आजवर अठ्ठावन्न अधिवेशनांत एकमताने मंजूर झाला आहे. प्रत्येक वेळी सामान्य माणूस फाटकाबाहेर उभा होता, कारण त्याच्याकडे बिल्ला नव्हता. एका अध्यक्षांनी अधिवेशनाची तारीख ज्योतिषाला विचारून ठरवली आणि उद्घाटनाच्या भाषणात अंधश्रद्धेवर तोंडसुख घेतले. ते भाषण मीच टाइप केले होते. हा सारा इतिहास ज्याला हवा त्याला, फुकट.

कलम ५. अधिवेशनांची छत्तीस समूहछायाचित्रे परिषदेला परत. त्यांतल्या एकातही मी नाही, कारण पहिल्या रांगेतली खुर्ची सोडायला तयार नसलेल्यांना उठवण्यात मी गुंतलेलो असे. अडुसष्टाव्या अधिवेशनात दोन भूगर्भशास्त्रज्ञ एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून राहिले. फोटोत ते जिवलग मित्र दिसतात.

कलम ६. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर भाषणे नकोत. दोन मिनिटे उभे राहावे, आणि तेवढ्यात कोणी घड्याळ पाहू नये.

कलम ७. हे कलम मी दोनदा फाडले आहे, तरी लिहितो.

एकसष्टाव्या अधिवेशनात माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, निबंध होता. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. पाच वर्षे दर रविवारी ती जुन्या दफनभूमीत जाऊन थडग्यांच्या दगडांवर वाढणाऱ्या दगडफुलाचे डाग पट्टीने मोजत असे. दगडावर वर्ष कोरलेलेच असते, त्यामुळे डाग किती काळात किती पसरला हे आयतेच कळते. असे तिने दोनशे बारा दगड मोजले, आणि तिला दिसले की गिरणीच्या धुराड्याकडच्या बाजूला हेच डाग निम्म्यानेही वाढत नाहीत. धुराने हवा किती बिघडते, हे आपल्याकडे तोवर कोणी असे मोजलेले नव्हते. जिवंत माणसांना विचारून उपयोग नव्हता, म्हणून तिने मेलेल्यांना विचारले.

तिला बारा चाळीसची वेळ दिली होती. विभागाचे अध्यक्ष होते छत्रीवाले प्राध्यापक. कडक उन्हातही त्यांच्या हातात छत्री असे, म्हणून हे नाव. प्रास्ताविकाला त्यांना पंधरा मिनिटे दिली होती. त्यांनी एक तास पन्नास मिनिटे घेतली. तोवर बाहेर ताटे वाजू लागली आणि मला सभा तहकूब करायला सांगण्यात आले. आमच्याकडची रीत अशी, की वेळेअभावी राहिलेल्या निबंधापुढे इतिवृत्तात 'वाचला असे समजण्यात आले' असे लिहायचे आणि फक्त शीर्षक छापायचे. या रीतीने परिषदेने हजारो निबंध एक शब्दही न ऐकता ऐकले आहेत.

सभागृह रिकामे झाले, पण ताई व्यासपीठावरून उतरली नाही. "ज्यांना भूक नाही त्यांनी थांबा," ती म्हणाली. थांबलो मी, प्रोजेक्टरवाला आणि झाडणाऱ्या बाई. ताईने निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. हाताला सवय होती, म्हणून मी तो शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवला. विसरलेली छत्री न्यायला प्राध्यापक परत आले, ते दारातच उभे राहून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारले. तेही मी लिहून घेतले.

संध्याकाळी कार्यालयात ते मला म्हणाले, "तहकुबीनंतरचं बोलणं इतिवृत्तात येत नाही, बरं का."

ते नियमाला धरूनच होते. मी 'वाचला असे समजण्यात आले' लिहिले.

त्रेसष्टाव्या अधिवेशनात प्राध्यापक परिषदेचे अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणाचा विषय होता थडगी, दगडफूल आणि धूर. दगड, दोनशे बारा. आता गंमत अशी, की ताईने एका दगडाची गणती दोनदा केली होती. त्याच्या पुढे नवऱ्याचे नाव होते, मागे बायकोचे. ही चूक तिला नंतर सापडली आणि तिने मला हसत हसत सांगितली होती. खरे दगड दोनशे अकराच. प्राध्यापकांनी निबंध उचलला तो चुकीसकट.

त्या रात्री ताईने मला विचारले, "तू तेव्हा लिहून घेत होतास ना रे?"

मी म्हणालो, "नाही ताई. सभा तहकूब झाली होती."

मला लघुलेखकाचा सहसचिव करण्याचा कागद त्या आठवड्यात प्राध्यापकांच्या टेबलावर होता. त्यांनी सही केली. ताईने निबंधाची प्रत आणि टिपणवह्या रद्दीत घातल्या आणि पुन्हा कधी दफनभूमीत गेली नाही. दर रविवारी ती माझ्याकडे येऊ लागली, आणि मी तिला चहा करून देऊ लागलो. गेली सदतीस वर्षे मी तो चहा करतो आहे आणि मला स्वतःची लाज वाटते. याहून बरे वाक्य मला सुचत नाही.

प्राध्यापक केव्हाच वारले. येत्या शंभराव्या अधिवेशनात नव्या सभागृहाला त्यांचे नाव द्यायचे आहे, आणि शताब्दी ग्रंथात 'दगडफुलाचे आद्य संशोधक' असे त्यांच्यावर एक प्रकरण येते आहे. एकदा ते छापले गेले की ताईचे नाव लागायचे राहूनच जाईल.

कलम ८. ती लघुलिपीची वही माझ्याकडे आहे. माळ्यावर, बुटांच्या खोक्यात. माझ्या मृत्यूनंतर ती ताईला द्यावी. तिने तिचे वाटेल ते करावे.

कलम ९. कलम आठ लिहून मी चहा ठेवायला उठलो. काल रविवार होता. ताई आली आणि टेबलावरचे कागद वाचू लागली. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, असे तिने शाळेत पस्तीस वर्षे शिकवले आहे. चहा उतू गेला तरी तिने मान वर केली नाही.

"वही आहे?" तिने विचारले.

"आहे."

"इतकी वर्षं?"

"हो."

"आणि ती मला तू मेल्यावर मिळणार."

"हो."

"अरे गाढवा, मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे!"

ही बाब माझ्या लक्षात आली नव्हती. मी स्टूल घेऊन वही काढली. ताईने ती उघडली, उलटी धरली, सुलटी धरली.

"हे काय आहे?"

"लघुलिपी."

"कुठली?"

"माझी." भाषणे भराभर उतरवता यावीत म्हणून मी निम्म्या खुणा स्वतःच पाडल्या होत्या. परिषदेत त्या दुसऱ्या कोणाला कधी वाचता आल्या नाहीत.

"म्हणजे तू गेल्यावर हे वाचणार कोण होतं? मुंग्या?"

पुढे ताई जे बोलली ते जुन्या रीतीप्रमाणे मी इतिवृत्तातून वगळतो. साखरेच्या डब्याचे झाकण माझ्या कानाजवळून गेले, एवढे नमूद करतो. मग ती रडली. माझी बहीण रडताना मी आधी कधी पाहिली नव्हती. त्रेसष्टाव्या अधिवेशनातही नाही. मीही रडलो. मला कोणी गप्प केले नाही, तेही बरोबरच झाले.

डोळे पुसून ती म्हणाली, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? आत्ता काय करतोस ते सांग."

तेव्हा मला नियम तेवीस आठवला. 'वाचला असे समजण्यात आलेला कोणताही निबंध, लेखक हजर असल्यास, कोणाही सभासदाने पंधरा दिवस आधी मागणी केल्यावर, पुढील कोणत्याही अधिवेशनात संपूर्ण वाचून घ्यावा लागेल.' शंभर वर्षांत हा नियम एकदाही वापरला गेलेला नाही, कारण असा निबंध ऐकायची इच्छा आजवर कोणालाच झालेली नाही. पण तो आहे. आणि मी त्या दिवशी घाबरून जे वाक्य लिहिले, नेमके त्याच वाक्याला तो लागू होतो.

आज सकाळी मागणीचा अर्ज मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. दुपारी सरचिटणीसांचा फोन आला.

"अहो तहकूबराव, कार्यक्रमपत्रिका छापून झाली!"

"पुरवणी काढा."

"नियम तेवीस कुणी वापरतं का?"

"आता वापरतंय."

"पण त्या दिवशी सभागृहाचं नामकरण आहे. सगळे असणार!"

"मग ताईंना श्रोते भरपूर मिळतील. आणि ग्रंथाचं ते प्रकरण तोवर छापायला धाडू नका, नाहीतर दुसऱ्यांदा छापावं लागेल."

मग त्यांनी हळूच विचारले, "किती मिनिटं लागतील?"

"बावीस. प्रास्ताविक नाही."

सबब कलम आठ रद्द. वही ताईला माझ्या हयातीतच, म्हणजे कालच, दिलेली आहे. प्राध्यापकांचे दोन प्रश्न आणि माझे नाव, दोन्ही तिच्या हवाली. सभेत मी काय केले हे ती सांगेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलेला असेन, आणि यावेळी खुर्ची सोडणार नाही.

कालपासून मी खुणा वाचतो आहे आणि ताई लिहून घेते आहे. तिचे अक्षर अजून फळ्यावरच्यासारखे सरळ आहे. मघाशी सहाव्या पानाशी मी थांबलो आणि विचारले, "ताई, मला माफ केलंस का?"

ती पेनाचे टोपण न लावता म्हणाली, "आधी सातवं पान वाच."

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला आहे. खरोखर वाचला आहे.

(सही) तहकूबराव, निवृत्त सहसचिव

साक्षीदार १ : परिषदेचा निवृत्त प्रोजेक्टरवाला. त्याला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो, असे समजावल्यावर त्याने नाराजीने सही केली.

साक्षीदार २ : खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले. मजकूर वाचायचा नाही असे सांगूनही त्यांनी वाचला, आणि ताईंसाठी व्यासपीठावर वाचायचा नवा चष्मा करून देतो म्हणाले.

ठिकाण : स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक : सोमवार, अधिवेशनाला एकोणीस दिवस बाकी