दहा ठोके आणि वीतभर माती

हरमल, पेडणे
रविवार, २० जुलै २०२५

ती. आबांच्या चरणी योगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघा बरा आहे असं लिहिलंत, म्हणजे दुखतोच आहे. शेजारी नारायणकाका आहेत, त्यांच्याकडून तेल चोळून घ्या, लाजू नका. इकडे पावसामुळे आमच्या खोल्या रिकाम्या आहेत. दोन नंबरच्या खोलीत मांजर व्यायली आहे, तेवढेच पाहुणे.

बातमी अशी की ग्रॅनाइट ग्रॅडी गेला. तुम्ही ज्याला दगडोबा म्हणायचात, तो. अमेरिकेत टीव्हीवर कुस्त्या खेळायचा, त्याच्या चित्रांचे पत्ते मी भूगोलाच्या वहीत लपवायची आणि तो दिसला की तुम्ही टीव्ही बंद करायचात. काल सकाळी टीव्हीवर त्याला श्रद्धांजली होती. तुमच्या जावयांनी शाळेतले सगळे मित्र गोळा केले. अकरा बाप्ये, सगळ्यांची पोटं सुटलेली. कदेलं पुरली नाहीत म्हणून निम्मे जमिनीवर बसले. पोदेराला आदल्या दिवशीच सांगून पावाचे उंडे घेतले होते, पातळभाजी केली होती. एकाने तेव्हाचे पत्ते जपून ठेवलेले आणले, आणि ग्रॅडीचं वजन किती यावर दोघांत अशी जुंपली की भाजी निवाली तरी कुणाला पत्ता नव्हता.

त्या लोकांत एक रीत आहे. खेळणारा गेला की आखाड्यातली घंटा दहा वेळा वाजवतात, तोवर सगळे उभे राहतात आणि कुणी बोलत नाही. काल घंटा त्याच्या मुलीने वाजवली. तीही कुस्ती खेळते. आधी तिने वडिलांचे बूट आखाड्याच्या मधोमध ठेवले, सुटलेली नाडी नीट बांधली, मग हातोडी उचलली. सातव्या ठोक्यानंतर तिचा हात थांबला. आमचे अकराच्या अकरा बाप्ये पंख्याकडे बघायला लागले. तेवढ्यात सासूबाई घंटा ऐकून आरती समजून हात जोडत आल्या, टाळ्या धरल्या आणि सगळं संपल्यावर प्रसाद खंय म्हणून विचारू लागल्या. रडता रडता हसू फुटलं सगळ्यांना. शेवटी त्यांनाच गूळ-खोबरं वाटायला लावलं.

आता जे लिहायला इतके दिवस धीर होत नव्हता ते लिहिते. तुमची नात तनया कुस्ती खेळते. दोन वर्षं झाली. शाळेत गादीवर शिकली, तेराव्या वर्षी तालुक्यात पहिली आली. सप्टेंबरात राज्याची निवड आहे आणि तिचे सर बदलून गेले. तिला चांगला वस्ताद हवा आहे, आणि मला माहीत असलेला वस्ताद एकच. तिला शनिवार-रविवार तुमच्याकडे नार्व्याला पाठवू का? नाही म्हणायची घाई करू नका.

माया आहेच, ती पत्राच्या उत्तरात दिसू द्या.

तुमची,
योगिता

*

नार्वे, डिचोली
गुरुवार, २४ जुलै २०२५

चि. सौ. योगितास सदाशिवचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा बरा आहे. नारायणच्या हाताला जोर नाही, तो तेल चोळतो म्हणजे गुडघ्याची समजूत काढतो.

दगडोबा गेला, वाईट झालं. अंगाने तगडा गडी होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण कोण पडणार हे आधी ठरवून खेळतात त्याला मी कुस्ती म्हणणार नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, एवढ्या मोठ्या बाप्यांनी टीव्हीपुढे रडू नये, डोळे बिघडतात.

तनयाचं माझ्यापासून दोन वर्षं चोरून ठेवलंत. पोरगी पहिली आली याचा आनंद झाला, तो लपवत नाही. गादीवर तिने खुशाल खेळावं. म्हापशात, पणजीत शिकवणारे असतील, त्यांना विचार. मी शिकवतो ते मातीत, आणि बाईमाणसाने तालमीच्या हौदात उतरायचं नाही ही रीत माझ्या वस्तादाने कागलला मला घालून दिली. ती मी खाणीच्या नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा बरोबर आणली. या वयात मोडायची नाही.

शिवाय हौद तरी आता कुठे आहे. पोरं यायची थांबली तेव्हापासून त्यात अळू लावला आहे. पानं सुपाएवढी झाली आहेत. चतुर्थीला आलीस की घेऊन जा.

तनयाला पापा. सासूबाईंना नमस्कार सांग. बाकी क्षेम, रागावू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
आबा

*

हरमल
मंगळवार, २९ जुलै २०२५, नागपंचमी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

अळू नको.

रागावू नकोस असं लिहिलंत, म्हणून दोन दिवस थांबले. राग गेला नाही, तर तो आहे तसाच लिहिते.

आज नागपंचमी. या दिवशी तुम्ही मातीची पूजा करायचात, आणि मी हौदाच्या काठावर तुमच्या पोरांसाठी पाण्याची घागर घेऊन उभी असायची. मी अकरा वर्षांची होते. तुम्ही नारळ आणायला गेलात आणि मी आत उतरले. चार पावलं टाकली, एकदा शड्डू ठोकला, एवढंच. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलातही नाहीत. मारलं असतंत तर मी केव्हाच विसरले असते. तुम्ही फावडं घेतलंत, मी उभी राहिले होते तिथली वीतभर माती काढलीत, पाटी डोक्यावर घेतलीत आणि नदीच्या घाटाखाली नेऊन टाकलीत. मी पाठोपाठ आले होते, तुम्हाला ठाऊक नाही.

तेव्हापासून मला ग्रॅडी आवडायला लागला. त्याच्या आखाड्यात त्याची लेक काठावर बसायची आणि जिंकला की तो तिला उचलून आत घ्यायचा. खोटी कुस्ती असेल. तुमची खरी होती, पण मला तिथे जागा नव्हती.

मी काही बिघडले नाही. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मी सुखात आहे. पण तनयाला काठावर उभी बघायची माझी तयारी नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम येत्या रविवारी, तीन तारखेला, सकाळी अकराला परत लागणार आहे. नारायणकाकांकडे जाऊन बघा. खाणीवरच्या क्रशरने कान नेले, ऐकू येत नाही, ही सबब सांगू नका. त्यात ऐकण्यासारखं काही नाही. नुसती ती मुलगी बघा. मग काय ते कळवा, आणि नाही म्हणालात तरी चतुर्थीला मी येईनच.

लोभ तुमचा आहे हे मी जाणते, म्हणूनच एवढं लिहिलं.

योगिता

*

नार्वे
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. योगितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण काम होतं.

रविवारी नारायणकडे गेलो. त्याच्या घरच्यांना वाटलं म्हाताऱ्याची तब्येत बिघडली, टीव्ही बघायला कसा आला. मला कदेल दिलं. घंटा ऐकू आली नाही, मी हातोडी मोजत होतो. सातनंतर ती थांबली. मोठमोठे गडी भोवती उभे होते, कुणी पुढे होऊन तिच्या हातातली हातोडी घेतली नाही. बापाचं काम तिचंच आहे हे त्यांना कळत होतं. मग तिने पाय रोवले. योगिता, तसे पाय रोवायला कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. त्या दगडोबाने शिकवलं होतं. उरलेले तीन ठोके तिने मारले तेव्हा मी उभा होतो. केव्हा उठलो ते आठवत नाही, नारायणने सांगितलं.

तू चार पावलं टाकलीस त्या दिवशी तुझेही पाय तसेच पडले होते. मी नारळ घेऊन दारात पोचलो होतो, शड्डू मी पाहिला. तेव्हा कान शाबूत होते, आवाजही ऐकला. माझ्या तालमीतल्या एकाही पोराचा तसा बसत नव्हता. ते मला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच भ्यायलो आणि फावडं घेतलं. माझं चुकलं. हे तीस वर्षं आधी लिहायला हवं होतं.

सोमवारी अळू उपटला. नारायणने आळीत वाटला, या आठवड्यात सगळ्या नार्व्यात फदफदंच शिजत आहे. माती चाळली, ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळायला घेतली. हौद भरेना, एका कोपऱ्यात वीतभर कमी पडत होती. तेव्हा पाटी घेऊन घाटाखाली गेलो. ज्या जागी टाकली होती तिथूनच काढून आणली. इतक्या पावसाळ्यांत तुझी माती नदीने केव्हाच नेली असेल, एवढं मलाही समजतं. तरी तिथलीच आणली. गुडघा दुखतो आहे, खरं सांगतो.

पुढच्या आठवड्यात गोकुळाष्टमी आहे, इथे घाटावर जत्रा भरेल. त्या दिवशी या. तनयाला घेऊन ये, जुने कपडे दोन जोड आण. एक तिचा.

दुसरा तुझा. आधी तू उतरायचं, मग तिने. घागर घेऊन काठावर मी उभा राहीन.

वाट बघतो.

तुझा,
आबा