डब्यातल्या चार चिठ्ठ्या

बाई, त्या सकाळी मी हापशीवरून चार गुंड भरून पाणी आणलं, चूल सारवली, लेकीची वेणी घातली आणि ज्वारीच्या तीन भाकरी थापल्या. तिसरी सवयीने. ह्यांना जाऊन चौथा महिना लागला होता, पण हातांना ते अजून कळलं नव्हतं. ती भाकर फडक्यात बांधून मी तुमच्या महिला मंडळाच्या खोलीवर आले. पाळणाघरात मदतनीस हवी होती. आम्ही पाच जणींनी अर्ज केले होते, म्हणजे आम्ही सांगितलं आणि तुम्ही लिहिलं. अकरा वाजता चिठ्ठी निघणार होती.

तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा हलवता. माझ्या शेजारी पलीकडच्या वस्तीतली एक जण बसली आहे, मांडीवर तान्हं लेकरू. तिचा नवरा कामाला म्हणून गेला तो परत आलेला नाही. तुम्ही डबा तिच्यासमोर धरता आणि म्हणता, "तूच काढ. म्हणजे मनात शंका नको." ती पदराला हात पुसते, डोळे मिटते, एक चिठ्ठी काढून तुमच्या हातात देते. तुम्ही माझं नाव वाचता. ती मला कोपर मारते. "जाय माय, पेढे आन. माह्या हातानं निघाली तू." त्या सतरंजीवर वाचता येणारी एकच बाई होती, तुम्ही.

सगळ्या गेल्यावर ती चिठ्ठी तुम्ही मला दिलीत. "ही ठेव. हे तुझं नाव आहे. महिन्याभरात न बघता लिहून दाखव." मी राखेत लिहिलं, सारवलेल्या भिंतीवर ओल्या बोटाने लिहिलं, आणि महिना व्हायच्या आत तुमच्या पाटीवर लिहून दाखवलं. पुढे लेकरांना झोपवता झोपवता भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं शिकले, किराणाच्या पुड्यांचे कागद वाचले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी वाचलेलं पहिलं पुस्तक म्हणजे तुमच्या हाताने लिहिलेली मंडळाची नियमावली. निवड सगळ्यांसमोर करायची. जिच्या नात्यातल्या कोणाचा अर्ज असेल तिने ठरेपर्यंत ओट्यावर जाऊन बसायचं. तुमच्या भाचीने शिवणवर्गासाठी अर्ज केला तेव्हा तुम्ही स्वतः भर उन्हात ओट्यावर बसला होतात, डोक्यावर पदर घेऊन, आणि आत आम्ही ठरवत होतो. तुमच्या भाचीला आम्ही घेतलं नाही. तुम्ही आत येऊन सगळ्यांचा चहा मांडलात.

आणि ती खिचडी. लेकरं जेवून गेल्यावर पातेल्याच्या बुडाला राहिलेली खिचडी मी लेकीसाठी डब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सगळ्या बायकांसमोर उभं केलंत. "उरलेली असली तरी तुझी नाही. विचारून ने, लपवून नको." माझे कान तापले होते. त्या रात्री तुमचा खूप राग आला. पण नंतर बावीस वर्षं, मदतनीस असताना आणि तुमच्या मागे अध्यक्ष झाल्यावरही, मंडळाची काडेपेटीसुद्धा मी घरी नेली नाही. कोणी कौतुक केलं की मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवायची.

परवा खोलीला चुना मारायचा म्हणून कपाट हलवलं. वरच्या फळीवर मागे तो बिस्किटाचा डबा होता. त्या दिवसानंतर तुम्ही चिठ्ठ्या नेहमी तांब्यात टाकल्या. काहून, ते मी कधी विचारलं नाही. झाकण गंजलं होतं, उलथन्याने उचकटलं. आत चार घड्या. पहिली उघडली तर माझं नाव. मी हसले, म्हटलं आपलीच आहे. मग लक्षात आलं की माझी तर माझ्या घरी आहे. दुसरी उघडली, माझं नाव. तिसरी, माझं नाव. चौथी मी बराच वेळ तशीच हातात धरली, मग उघडली. तीही माझ्याच नावाची. तुमचं तेच टपोरं अक्षर, तीच लांब वेलांटी, जी गिरवून मी माणसात आले. चुना मारणारा विचारत होता, "ताई, कपाट कुठं ठिऊ?" मला तो काय विचारतो तेच कळेना. दोनदा विचारल्यावर मी त्याला म्हटलं, "हो."

सचिव बाईंना बोलावून दाखवल्या. त्यांनी चारही पाहिल्या आणि आधी दार लोटलं. "जाळून टाका ना ताई. कायले उकरता? बाईच्या नावावर तं मंडळ उभं हाये. आन तुमचं काय होईन? लोक म्हन्तीन, नोकरीच खोटी, मंग अध्यक्ष कायची?" त्या वाईट नाहीत. त्यांनाही तुम्हीच घडवलं. दुसऱ्याच दिवशी नव्या मदतनिसाची चिठ्ठी निघायची होती, आणि चार अर्जांतला एक तिच्या सुनेचा होता. त्या कोपर मारणारीच्या.

ती आता आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. मला पाहिलं की चार काड्या कोथिंबीर जास्त टाकते आणि शेजारणींना ऐकवते, "हिची नोकरी माह्या हाताची हाये. माह्या हाताले लय यश हाये, फक्त मले सोडून." सगळ्या हसतात, मीही हसत आले. पण बाई, तिने थोरल्या पोराच्या लग्नात नवरीचं लुगडं स्वतः निवडलं नाही. मला दुकानात नेलं. "तू काढ. माह्या हातानं नको." परसात वेल लावायचा तर बी नातीच्या हातून टाकते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी त्याला तिचा स्वभाव समजत होते.

तुम्ही मला का निवडलंत ते मी समजू शकते. मी तेव्हा जेवत नव्हते, बोलत नव्हते, तुम्हाला भीती वाटली असेल. तोंडावर सांगितलं असतं, की हिला देते, माझी मर्जी, तर त्या चौघी भांडल्या असत्या, तुम्हाला नावं ठेवून घरी गेल्या असत्या. पण तुम्ही डबा तिच्यासमोर धरलात. तिच्याच हाताने तिला नाही म्हणवलंत. बाई, हे तुम्हाला सुचलं कसं? आणि चिठ्ठ्या ठेवल्या कशाला? चूल दोन पावलांवर होती. एक दिवस मला वाचता येईल हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच तर शिकवत होतात.

दुसऱ्या दिवशी मी डबा सभेत नेला. चिठ्ठी काढायच्या आधी, सुनेसोबत आलेल्या तिला पुढे बोलावलं आणि चारही उघडून सगळ्यांसमोर वाचल्या. तिने माझ्या हातातून एक घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मला वाटलं आता तोंडावर फेकेल. ती म्हणाली, "म्हंजे माह्या हाताचा दोष नव्हता तं." मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि मी काही तिच्याजवळ जाऊ शकले नाही. मी राजीनाम्याचा कागद सचिव बाईंपुढे ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. आत नव्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहिल्या, अर्जवाल्या पोरींनी आपापलं नाव वाचून स्वतः घडी घातली. तिच्या सुनेचं नाव निघालं नाही. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सभेत मी चारच वाचल्या. पाचवीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी गिरवलेली ती चिठ्ठी घरी, नियमावलीच्या माझ्या नकलेत आहे, आणि हे पत्रही तिच्याजवळच ठेवते आहे.