उष्टं ताट

जळगाव
ता. ४ जुलै १९८८

चि. सौ. प्रमिलास,
मंदाबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं खुशालीचं कार्ड आलं नाही, तेव्हाच खुशाली नाही हे ओळखलं. बाकीचं आईने शेजारच्या पोरीकडून लिहवून कळवलं. तिची तक्रार अशी, की सून नवऱ्याच्या ताटात जेवेनाशी झाली आहे आणि त्याचं ताट दोन बोटांनी उचलते, मेलेला उंदीर उचलावा तसं.

वाल्मीकने चोपड्याला एसटीच्या रात्रमुक्कामाच्या गाडीवर असताना जे शेण खाल्लं, ते मला कोणी समजावून सांगायला नको. माझा सख्खा भाऊ आहे, पण त्याचं नाव निघालं की मलाच थुंकावंसं वाटतं. तरी त्याने त्या बाईशी संबंध तोडला, मुक्कामाची ड्यूटी सोडली, तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि तू घरात राहिलीस. मग आता ताटाचा हट्ट कशाला? आईने जन्मभर नानांच्या ताटात जेवण केलं, मीही करते. संसारात भांड्याला भांडं लागायचंच. आईचं वय झालं, तिला त्रास देऊ नकोस.

रागावलीस तरी उत्तर लिही. अबोल्यापेक्षा तुझा राग बरा.

तुझी,
मंदाअक्का


धुळे
ता. १५ जुलै १९८८

ती. अक्कांस,
प्रमिलाचा सविनय जयभीम. वि. वि.

भांड्याला भांडं लागलं असतं तर मी कधीच विसरले असते. इथे भांडं दुसरीच्या चुलीवर जाऊन आलं आहे.

आमचे आबा दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी आजीने घरोघरचं उरलंसुरलं आणायची टोपली चुलीत घातली. आबांनी घरात सांगून टाकलं, की यापुढे आपल्यात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही. तरी लग्न झाल्यावर मी तुमच्या भावाच्या ताटात जेवत आले. ते उष्टं कधी वाटलंच नाही. शेवटचा मऊ घास ते माझ्यासाठी ठेवायचे, आणि मी वेडी त्यावर खूश. आता सांगते अक्का, ताटाचं काही नाही, तुमचे भाऊच उष्टे आहेत.

चोपड्याहून ते मला दर खेपेला केळीचे वेफर आणायचे, आठवतं? मी मिटक्या मारत खायचे. दर खेपेला पुड्या दोन घेतल्या जायच्या, एक तिकडे आणि एक इकडे. हे त्यांनीच सांगितलं. हल्ली त्यांना खरं बोलायचा रोग जडला आहे. संध्याकाळी जवळ येऊन बसतात आणि ती काय रांधायची, कोणतं तेल लावायची, सगळं ओकतात. त्यांचं मन हलकं होतं, माझ्या पोटात ढवळतं. काल मोरीत जाऊन खरोखरच उलटी केली.

माझी पेटी भरून पलंगाखाली ठेवली आहे. आबांनी माझं नाव घालून दिलेलं पितळी ताटही त्यात आहे. मी ताटलीत जेवते. इथे राहावं की पेटी उचलून माहेरी सोनगीरला जावं, हे मला कळत नाही. जाववत नाही आणि माणूस जवळ आला की सहनही होत नाही.

तुम्ही वडील, म्हणून लिहिलं. माया कमी करू नये.

प्रमिला


जळगाव
ता. ९ सप्टेंबर १९८८

चि. सौ. प्रमिलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्रभर "तुमचे भाऊ, तुमचे भाऊ"! जणू मीच त्याला टोपलीत घालून तुझ्या दारात ठेवून आले.

तुझं पत्र मी आमच्याकडे मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून हे आपलं ताट आपण घासतात. मी काही बोललेले नाही, पण भीती मोठी चीज आहे.

परवा वाल्मीक आला होता आणि येताना, काय सांगू, वेफरची पुडी घेऊन आला. मी ती त्याच्यादेखत बकरीला घातली. मग बसवून विचारलं, की बायकोजवळ रोज ते गटार कशाला उपसतोस. म्हणाला, खरं बोललं की विश्वास बसतो. मी सांगितलं, ती विचारेल तेवढंच सांग, पण ते खरं सांग. बाकीची घाण तुझी आहे, तूच पोटात ठेव. खूप रडला. मला दया आली नाही, उलट त्याच्या शेंबडाची किळस आली.

आईलाही कळवलं आहे, की सुनेच्या ताटात डोकावू नकोस. मागच्या पत्रात मी उगाच शहाणपण शिकवलं. पेटीचं मी काही सांगणार नाही. तुझी पेटी, तुझे पाय. गेलीस तरी मला नणंद म्हणून सोडू नकोस.

मंदाअक्का


धुळे
ता. ११ डिसेंबर १९८८

ती. अक्कांस,
प्रमिलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही पाठवलेली भरताची वांगी पोचली. आई बऱ्या आहेत, फक्त सून नवऱ्याआधी जेवते म्हणून कपाळाला हात लावतात. मला भूक लागली की मी बसते.

काल अशीच बसले होते. भरीत झकास जमलं होतं. अर्धं मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं आणि दारात दूधवाला आला म्हणून उठले. परत येऊन पाहते तर हे ड्यूटीवरून आलेले, खाकी कपडे तसेच अंगावर, माझ्या ताटलीपुढे मांडी घालून माझं भरीत संपवत होते. मी ओरडले, की ते माझं उष्टं आहे. मान खाली घालून म्हणाले, माले माहीत शे.

मला वाटलं, आता पोटात ढवळणार. ढवळलंच नाही, राग आला. असा सणसणीत राग आला अक्का, की मी भांडायला उभी राहिले. शेवटासाठी राखलेलं माझं भरीत, काय म्हणून खाल्लंत? आईंनी कानावर पदर घेतला. भांडण फक्त भरतावरून झालं, दुसरा शब्द निघाला नाही. इतके महिने मी यांच्याशी भांडलेच नव्हते. किळस आली की भांडावंसंही वाटत नाही.

मग ताटली ओढून घेतली आणि बजावलं, की या घरात कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही, तुम्हीही माझं खायचं नाही. यांचं ताट वेगळं वाढलं. मग पेटी ओढली आणि माझ्या नावाचं ताट काढलं. भरीत संपलेलंच होतं. समोरासमोर बसून मिरचीच्या ठेच्याशी कळण्याची भाकरी खाल्ली.

यांचा हात लागला की अजून अंग चोरते. पेटीही पलंगाखालीच आहे. ताट मात्र सकाळी घासून फडताळात ठेवलं, यांच्या ताटाशेजारी.

लोभ आहे तसाच राहू द्यावा. वेफर चुकूनही धाडू नका. वांगी पाठवा, दोन ताटांना पुरतील एवढी.

आपली,
प्रमिला