लांडाऊचे चार वेढे

कार्ल्सरूहे, रविवार

ती. मालिनीताईस पद्माकरचा दंडवत.

आधी तक्रार. इथे चहा मागितला की पाणी वेगळं आणि दोरीची पुडी वेगळी देतात. चहाचा असा विग्रह पाणिनीलाही सोसला नसता!

हा चहा लांडाऊचा. वेदांगला घेऊन गेलो होतो. फ्रान्सच्या सीमेजवळचं तटबंदीचं गाव. तीनशे वर्षांपूर्वी अकरा वर्षांत चार वेढे. एकदा जर्मन बादशहाची फौज, एकदा फ्रेंच, आलटून पालटून. गाइडबाईंना सगळे सेनापती तोंडपाठ. मी विचारलं, "आणि आत उपाशी कोण मेलं?" तर म्हणे, "आल्झो, म्हणजे असं की, नावं नाही सांगता येणार." ताई, मी चिडलोच! सरदारांच्या घोड्यांची नावं सांगता येतात!

"बाबा, जुनं आहे ते सगळं," चिरंजीव जर्मनमधून म्हणाले.

आईचा गुडघा कसा आहे? पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

वेदांगला अठरा पूर्ण झाली, म्हणून इथल्या प्रत्येक नागरिक मुलाला येते तशी जर्मन सैन्याची प्रश्नावली आली. भरती व्हायची इच्छा किती? त्याने मला न विचारता दहापैकी आठ लिहिले. व्हिसाच्या रांगा नकोत म्हणून इथलं नागरिकत्व त्याला मीच घ्यायला लावलं होतं.

मला फार भीती वाटते, ताई.

तुझा
पद्माकर