नवशिक्यांचा टेलिफोन आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, यीस्ट, काचेच्या बरण्या आणि शिवणाचा दोरा विकणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेली सल्लागार, राहणार डाकघरामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलते आहे ते वयामुळे. मागे उभे राहून कोणी लिहवून घेत नाही. मागे उभे राहायला घरात कोणी नाही. वकिलांनी एक छापील मसुदा दिला होता. त्यात 'माझ्या प्रिय कुटुंबीयांच्या साक्षीने' असे पहिलेच वाक्य होते, म्हणून तो मी बाजूला ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर ते खरे धरू नये.

कलम १. माझ्या राहत्या दोन खोल्या माझ्या पगारातून घेतलेल्या आहेत. वडिलांच्या घराचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्या माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्याव्यात. बँकेत जे काही असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवून उरेल तेही तिचेच. ती आता दातांची डॉक्टर आहे, तिला याची गरज नाही, हे मला माहीत आहे. पण लहान असताना ती माझ्याकडून उशीचा अभ्रा शिवायला शिकली. मन लावून चारही बाजू शिवल्या, आणि मग उशी पोटाशी धरून म्हणाली, "आत्या, आता ही आत कुठून जाते?" मी हसले नाही. नवशिक्याला हसायचे नसते, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम. आम्ही दोघींनी एक बाजू उसवली, आणि उसवायलाही ती छान शिकली. अजून वर्षातून एकदा-दोनदा येते, जिन्यावरूनच "आत्या, पाच मिनिटंच आहेत हं" असे ओरडते, आणि खरोखर पाचच मिनिटे बसते. तरी ती येते. मोरीचा नळ उलट्या बाजूने बंद होतो, एवढे तिने लक्षात ठेवावे.

कलम २. माझा हा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, यांना काहीही देऊ नये. विसरून राहिले असा कोणाचा समज होऊ नये म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

कारणही लिहिते. आमची आई शेवटची काही वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे मी केले. नोकरी करून, दोन बस बदलून रोज तिच्याकडे जात होते. ती गेल्यावर महिन्याभरात दादाने तिचे शिवणाचे मशीन भंगारवाल्याला दिले. मी पोचले तेव्हा हातगाडी कोपऱ्यावर वळत होती. सुईखाली ब्लाउजची अर्धी शिवलेली बाही तशीच होती, आईने आजारी पडण्याआधी लावलेली. मी दादाला विचारले, "अरे, मला एका शब्दानं विचारायचंस तरी." तो म्हणाला, "लोखंड आहे गं ते. जागा अडवत होतं." वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला काय करायचंय मशीन? तुमचं लग्न त्या फोनशी लागलंय." मी हातगाडीच्या मागे धावले, पण कोपऱ्यावरून रस्ता तीन बाजूंना फुटतो. त्या दिवसापासून मी त्या घरी गेलेले नाही, आणि मला कोणी बोलावलेलेही नाही.

कलम ३. फोनचा विषय निघालाच आहे. कंपनीच्या प्रत्येक पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असायचे: 'प्रथमच करून पाहत आहात? विचारा.' खाली एक क्रमांक. तो फोन वाजायचा तो माझ्या टेबलावर, गोदामाला लागून असलेल्या खोलीत. पाव फुगत नाही, जॅम जमत नाही, मशीनखाली दोऱ्याचे घरटे होते. उत्तरे थोडीच असतात. माणसे मात्र दर वेळी वेगळी. बहुतेकांनी पाणी फार गरम घेतलेले असते. बहुतेकांनी जॅम गार बशीवर टाकून, बोटाने ढकलून सुरकुती पडते का हे पाहिलेले नसते. बहुतेकांनी मशीनचा कापड दाबणारा पाय खाली सोडलेला नसतो. आणि बहुतेकांना एवढेच ऐकायचे असते की, होतं असं, सगळ्यांचं होतं.

मग नवे साहेब आले. ते म्हणाले, "बाई, आता लोक विचारत नाहीत, शोधतात." माझ्या जागी ध्वनिमुद्रण बसवले: पावासाठी एक दाबा, जॅमसाठी दोन. रडू येत असेल तर काय दाबायचे ते त्यात नव्हते. वर्षभरात तेही बंद झाले. तोवर मी निवृत्त झाले होते. मी अर्ज करकरून तो जुना क्रमांक माझ्या नावावर, माझ्या घरी घेतला. जुनी पाकिटे लोकांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. कोणाला तरी एखाद्या दिवशी पाव करावासा वाटणार, आणि फोन नुसताच वाजत राहणार, हे मला सहन होईना.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी दिलेला चहाचा संच खोक्यासकट साहेबांना परत द्यावा. सहा कप आहेत. मी एकटी राहते हे त्यांना ठाऊक होते.

माझ्या मागे हा फोन बंद करावा. पुतणीवर त्याचे ओझे टाकू नये. आता तो फारसा वाजतही नाही.

कलम ४. माझे शिवणाचे मशीन, ओव्हन, पावाचे साचे आणि कात्र्या घड्याळवाल्यांच्या मुलीला द्याव्यात. ती माझी नात्याने कोणी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उद्या दादाच्या घरून कोणी हरकत घेतली तर हे वाचून दाखवावे.

घड्याळवाल्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी अजून कंपनीत होते. "बाई," ते म्हणाले, "माझी बायको गेली. पाव तीच करायची. मी केला तर वीट झालीय नुसती."

"पाणी कसं घेतलं होतंत?"

"उकळतं. जंतू मरायला."

"यीस्टही मेलं मग."

मला वाटले, चुकीच्या माणसाला चुकीचे बोलले. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. या घरात बरेच दिवस कोणी हसलं नव्हतं."

ते घड्याळे दुरुस्त करायचे. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असे, तेव्हा फोन करत. पाव शिकले. मग संत्र्याचा जॅम शिकले, तो दोनदा जाळून. मग बसायच्या स्टुलासाठी उशी हवी म्हणाले, तर अभ्रा शिवायला शिकले. सरळ शिवण घालताना त्यांचा श्वास फोनवर ऐकू यायचा. म्हणायचे, "बाई, घड्याळात प्रत्येक दात आपल्या जागी बसतो. हे पीठ रोज वेगळं वागतं. कसं काय चालवता तुम्ही?" मी म्हणायचे, "बोट दाबून बघा. खड्डा हळूहळू भरला तर तयार आहे." "आणि झटकन भरला तर?" "तर अजून थांबायचं."

फोन माझ्या घरी आल्यावर बाकीचे लोक कमी कमी होत गेले. ते राहिले. दर शुक्रवारी एक नवी तक्रार. पाव मधेच बसला. तळ करपला. एका बाजूने फुगला. एकदा ते तक्रार सांगताना काहीतरी खात होते आणि पावाचे कवच मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तसा आवाज बिघडलेल्या पावाचा येत नाही. असा कुरकुरीत पाव मला स्वतःला दहातून तीनदा जमतो. मी एवढेच म्हटले, "ओव्हन थोडा आधी बंद करून बघा." ते म्हणाले, "बघतो. पुढच्या शुक्रवारी सांगतो."

असे आम्ही कितीतरी वर्षे बोललो. भेटायचे दोघांपैकी कोणीच काढले नाही. भेटलो असतो तर पाव दाखवावा लागला असता.

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. माझा फोन जुना, समोरच्याचा क्रमांक दाखवत नाही, आणि मी कधी विचारला नव्हता. शुक्रवारी मी खाली औषधाला जायचेही सोडले. शेजारच्या दारातल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "कोणाची वाट बघताय का?" मी म्हटले, "छे, गुडघा दुखतोय." त्यांनी गुडघ्याला मलम आणून दिले आणि मला ते त्यांच्यासमोर लावावे लागले.

शेवटी फोन वाजला तो एका बाईचा. "पाववाल्या बाई का? मी घड्याळवाल्यांची मुलगी. बाबा गेले. झोपेतच. ओव्हनच्या वर पाकिटाचा हा तुकडा चिकटवलेला आहे, त्यावर हा नंबर. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटले, "त्यांचा पाव फुगत नव्हता. त्याबद्दल विचारायचे."

"बाबांचा पाव?" ती म्हणाली. "अहो, अख्खी गल्ली शनिवारी आमच्याकडे पाव न्यायला यायची. खालचे न्हावीकाका तर दुसरा पाव खातच नाहीत."

"हो," मी म्हटले. "मला माहीत आहे."

मग ती म्हणाली, "याल का एकदा?"

मी गेले. माझी चांगली साडी कपाटात इतकी वर्षे घडी होऊन पडली होती की घडीवर तिचा रंग उडालेला होता, तीच नेसले. स्वयंपाकघर लहान, माझ्या घरातल्यासारखेच. फोनशेजारी स्टूल, स्टुलावर उशी. अभ्र्याची एक शिवण थोडी तिरकी गेलेली. मी त्यावर बसले. मुलीने विचारले, "तासभर काय बोलायचात हो? माझ्याशी बाबा दोन वाक्यं बोलायचे, तिसऱ्याला 'बरं, ठेवतो.'" मी म्हटले, "कोमट पाण्याबद्दल." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. मग आम्ही एक पाव केला. तिने पाणी उकळते घेतले. बापाची लेक आहे. म्हणून मशीन आणि ओव्हन तिला. तिच्याकडे आहेत ते साचे तिने टाकू नयेत, काळे पडलेले साचेच चांगले.

निघताना तिने विचारले, तुम्हाला त्यांची काही वस्तू हवी का. मी नको म्हटले. घरी येऊन मला वाटले की हवी होती. पण ती मागायला परत जायचे म्हणजे कोणत्या नात्याने जायचे, हे ठरवता आले नाही.

कलम ५. कपाटातल्या रिकाम्या बरण्या नर्सबाईंना. त्या त्यात बटणे ठेवतील, ठेवोत. माझ्या साड्या ज्याला हव्यात त्याने न्याव्यात, पण जाड सुती साड्यांच्या पिशव्या फार टिकाऊ होतात, हे नेणाऱ्याला सांगावे. मी गेल्यावर जमलेल्यांना चहा द्यावा. भाषण करू नये. माझ्याबद्दल 'कायम हसतमुख' असे कोणी म्हणू नये. फोनवर चेहरा दिसत नाही.

कलम ६. हे कलम कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे असे वकील म्हणाले. तरी राहू द्यावे.

घड्याळवाल्यांच्या घरून आल्यावर मी तीन-चार दिवस कोणाशीही बोलले नाही. मुद्दाम नव्हे, प्रसंगच आला नाही. फोन वाजला नाही. मग मी संत्री आणली आणि जॅम केला. उत्तम जमला. गार बशीवर थेंब टाकला, बोटाने ढकलला, बारीक सुरकुती पडली. ती कोणाला दाखवावी म्हणून मी वळले आणि तशीच उभी राहिले.

जन्मभर मी फोन उचलत आले. लावायची सवय नाही. दादाच्या घरचा नंबर मात्र बोटांना आठवत होता. वहिनीने उचलला. आवाज म्हातारा झालाय तिचा. मी म्हटले, "वहिनी, मी बोलतेय." तिला वाटले असणार, कोणीतरी गेले. मागे दादाचा खोकला ऐकू येत होता. आईच्या मशीनबद्दल बोलायचे होते, पण तोंडातून आले भलतेच.

मी म्हटले, "वहिनी, माझा जॅम जमत नाहीये."

वहिनीला ठाऊक आहे मी जन्मभर काय काम केले. मला वाटले, आता ठेवणार. मग तिने घसा खाकरला.

"किती वेळ उकळलास?"

"अर्धा तास."

"लिंबू पिळलं होतंस?"

"नाही."

"मग कसा जमेल? लिंबू पिळ, आणि परत ठेव. मोठ्या आचेवर नको." ती मला नेहमी 'तुम्ही' म्हणत असे. या वेळी म्हणाली नाही, आणि ते तिच्याही लक्षात आले असावे, कारण ती थोडी थांबली.

कलम २ मी खोडत नाही. जे झाले ते झाले. त्यात एवढीच भर घालते की, मी जाईन त्या दिवशी माझ्या घरात जेवढा जॅम असेल तेवढा वहिनीला द्यावा, आणि तो कसा जमला असे तिने विचारले तर, तू सांगितलंस तसा, असे सांगावे.

फोन ठेवताना ती म्हणाली, "नाही जमला तर परत कर फोन."

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आहे आणि त्यांच्यासमोर सही करीत आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. (सही) तळमजल्यावरचे औषधवाले
२. (सही) शेजारच्या दारातल्या निवृत्त नर्सबाई